गाडी रात्री घरी, स्वस्त वीज दिवसा: येडगावात ई-कार चार्ज करण्याचं खरं गणित

'एक रुपयात एक किलोमीटर.' इलेक्ट्रिक कारची जाहिरात, रील किंवा शोरूममधला सेल्समन, सगळीकडे हेच वाक्य ऐकू येतं. त्यात तथ्य आहे, पण ते अर्धंच आहे. उरलेलं अर्धं तुमच्या वीजबिलाच्या मागच्या बाजूला छापलेलं असतं आणि तिथपर्यंत सहसा कुणी जात नाही.

शहरातल्या फ्लॅटमध्ये ई-कारचा पहिला प्रश्न 'पार्किंगमध्ये पॉइंट देतील का?' हा असतो. गावात तो प्रश्नच नाही. अंगण आहे, पडवी आहे, मीटरही घराच्याच भिंतीवर आहे. म्हणजे घरी चार्जिंग गावात जास्त सोपं असायला हवं. जागेच्या बाबतीत ते सोपं आहेच. वायर, वेळ आणि बिल यांच्या बाबतीत मात्र वेगळा विचार करावा लागतो.

त्यासाठी जुन्नर तालुक्यातलं येडगाव घेऊ. कुकडी नदीवरचं धरण आणि तिथून निघणारा डावा कालवा यामुळे हे नाव नगर-सोलापूरपर्यंत माहीत आहे. जवळची मोठी बाजारपेठ नारायणगाव. तिथून पुणे-नाशिक महामार्ग धरला की मंचर, खेड आणि मग चाकण. या पट्ट्यातली बरीच पोरं चाकण एमआयडीसीत कामाला जातात. गंमत म्हणजे महिंद्राच्या बीई ६ आणि एक्सईव्ही ९ई या इलेक्ट्रिक एसयूव्ही याच चाकणमध्ये तयार होतात. गाडी बनते तिथून येडगाव साधारण ५० किलोमीटरवर आहे. ती गाडी येडगावच्या अंगणात रोज रात्री चार्ज करायची म्हटलं तर काय काय लागेल, तेच आज पाहू.

आधी भार समजून घ्या: मोबाइल आणि मोटर

तुमच्या फोनचा फास्ट चार्जर ३३ वॅटचा असेल, तर घरच्या १५-१६ अँपिअरच्या सॉकेटवर लागणारा कारचा पोर्टेबल चार्जर साधारण ३.३ किलोवॅटचा असतो. म्हणजे असे शंभर चार्जर एकदम लावल्यासारखं. फोनची ५००० एमएएचची बॅटरी म्हणजे जेमतेम १९ वॅट-अवर. टियागो ईव्हीच्या मोठ्या बॅटरीची क्षमता २४ किलोवॅट-अवर आहे. तेवढ्यात बाराशेहून जास्त फोन भरतील.

गावाकडे याहून चांगला मापदंड आहे, तो म्हणजे विहिरीवरची मोटर. पाच एचपीची मोटर सुमारे ३.७ किलोवॅट घेते. म्हणजे साध्या सॉकेटवर गाडी चार्ज करणं म्हणजे पाच एचपीपेक्षा किंचित लहान मोटर चार-पाच तास सलग चालवण्यासारखं आहे. गाडीसोबत ७.४ किलोवॅटचा भिंतीवरचा चार्जर बसवून घेतला, तर ती झाली दहा एचपीची मोटर. फरक इतकाच की विहिरीवरच्या मोटरला थ्री-फेज लाइन असते आणि हा सगळा भार घरच्या सिंगल फेजवर येतो.

हे एकदा डोक्यात बसलं की पुढचे सगळे प्रश्न आपोआप पडतात. घराची वायरिंग पाच एचपीची मोटर पेलेल का? डीपी पेलेल का? आणि बिल?

रोज किती वीज लागते?

इथे बहुतेकांची एक सवय आड येते. फोन आपण रोज शंभर टक्के करतो, म्हणून गाडीही रोज शून्यापासून शंभरपर्यंत भरावी लागेल असं वाटतं. तसं नाही. दिवसभरात जेवढी बॅटरी वापरली तेवढीच रात्री भरायची असते.

समजा येडगाव ते चाकण आणि परत असं रोजचं १०० किलोमीटर आहे. लहान ई-कार एका युनिटमध्ये साधारण साडेसहा किलोमीटर जाते असं धरू. चार्ज होताना थोडी वीज उष्णतेत वाया जाते, तीही या आकड्यात आली. म्हणजे रोज सुमारे १५ युनिट. ३.३ किलोवॅटने त्याला पाच तासांच्या आतच वेळ लागतो. संध्याकाळी सातला घरी आलात आणि सकाळी सातला निघालात, तर हातात बारा तास आहेत. मध्ये दोन-तीन तास वीज गेली तरी काम होतं.

म्हणून रोजच्या प्रवासासाठी ७.४ किलोवॅटचा चार्जर बहुतेकांना लागतच नाही. 'लवकर चार्ज होते' म्हणून तो मोफत मिळाला, तरी तो लावण्यासाठी मंजूर भार वाढवावा लागतो, कधी थ्री-फेज घ्यावं लागतं आणि थ्री-फेजचा महिन्याचा स्थिर आकार सिंगल फेजपेक्षा बराच जास्त असतो. रात्रभर गाडी उभीच राहणार असेल, तर दोन तास वाचवून करायचं काय?

एक रुपया किलोमीटर नेमका कुठे हरवतो?

आता मुद्द्याची गोष्ट. महावितरणचं घरगुती बिल टप्प्यांत चालतं. पहिली १०० युनिट स्वस्त, १०१ ते ३०० महाग, ३०१ ते ५०० आणखी महाग, त्यापुढे सगळ्यात महाग. दर बदलत राहतात, म्हणून उदाहरणासाठी १ एप्रिल २०२४ पासून लागू झालेलं दरपत्रक घेऊ. त्यात वीज आकार आणि वहन आकार मिळून प्रतियुनिट दर असे होते:

० ते १०० युनिट: ५.८८ रुपये
१०१ ते ३०० युनिट: ११.४६ रुपये
३०१ ते ५०० युनिट: १५.७२ रुपये
५०० च्या वर: १७.८१ रुपये

यावर १६ टक्के वीज शुल्क. जुलै २०२५ पासून दर बदलले, पण टप्प्यांची रचना तीच आहे. तुमच्या ताज्या बिलावरचे दर घालून हेच गणित पुन्हा करता येईल.

समजा घरात गाडी येण्याआधी महिन्याला ९० युनिट जळतात. महिन्याचे कामाचे दिवस २४, म्हणजे २४०० किलोमीटर, म्हणजे सुमारे ३७० युनिट गाडीसाठी. एकूण वापर झाला ४६० युनिट.

जाहिरातवाले काय करतात? ३७० युनिट गुणिले ५.८८, त्यावर शुल्क. उत्तर येतं सुमारे २,५२४ रुपये. २४०० किलोमीटरने भागलं की १ रुपया ५ पैसे. झाला 'एक रुपया किलोमीटर'!

पण त्या स्वस्त टप्प्यात गाडीसाठी फक्त १० युनिटची जागा उरली होती. बाकी ९० युनिट फ्रिज, पंखे आणि टीव्हीने आधीच खाल्ली. त्यामुळे गाडीची १० युनिट ५.८८ ने, पुढची २०० युनिट ११.४६ ने आणि उरलेली १६० युनिट १५.७२ ने लागतात. बेरीज ४,८६६ रुपये. शुल्क धरून सुमारे ५,६४५ रुपये. म्हणजे किलोमीटरला २ रुपये ३५ पैसे. जाहिरातीतल्या आकड्याच्या दुपटीहून जास्त.

एकत्र कुटुंब असेल, दोन भावांचे संसार एकाच मीटरवर असतील आणि घरचाच वापर १४० युनिट असेल, तर गाडीच्या वाट्याला स्वस्त टप्पा येतच नाही. तेव्हा हाच आकडा अडीच रुपयांच्या घरात जातो.

मंचरपर्यंतच जायचं असेल तर? जाऊन-येऊन ४० किलोमीटर धरले, तर महिन्याला सुमारे १४८ युनिट. ९० युनिट वापरणाऱ्या घरात गाडीचं बिल वाढतं सुमारे १,९०० रुपयांनी. किलोमीटरला साधारण दोन रुपये.

मग ई-कार तोट्याची का?

कशाशी तुलना करता त्यावर आहे. चाकणच्या त्याच २४०० किलोमीटरला लिटरला १८ किलोमीटर जाणारी पेट्रोल कार, पेट्रोल १०४ रुपयांच्या आसपास धरलं, तर महिन्याला सुमारे १३,८०० रुपये खाते. किलोला २५ किलोमीटर जाणारी सीएनजी कार, किलोला ९० रुपये धरले, तर सुमारे ८,६०० रुपये. त्यांच्यापुढे ई-कारचे ५,६४५ रुपये स्वस्तच आहेत.

पण या पट्ट्यातून कारने कामाला जाणारे किती? बरेच जण कंपनीच्या बसने किंवा बाइकने जातात. लिटरला ५० किलोमीटर जाणारी बाइक त्याच अंतराला सुमारे ५,००० रुपयांचं पेट्रोल पिते. म्हणजे 'बाइक विकून ई-कार घेतो, पेट्रोलचा खर्च वाचेल' असं कुणी म्हणत असेल, तर टप्प्यांच्या गणितात तो खर्च वाचत नाही, थोडा वाढतोच. वर हप्ता आणि विमा वेगळा. पावसापासून, धुळीपासून आणि महामार्गावरच्या धोक्यापासून सुटका म्हणून कार घ्यायची असेल तर तो विचार योग्य आहे. फक्त तो बचतीच्या नावाखाली करू नका.

दिवसाची सवलत, रात्रीची गाडी

१ जुलै २०२५ पासून महावितरणने घरगुती ग्राहकांसाठी एक नवी गोष्ट आणली. ज्यांच्याकडे टीओडी, म्हणजे वेळेनुसार वापर मोजणारं मीटर आहे, त्यांना सकाळी ९ ते संध्याकाळी ५ या वेळेतल्या वापरावर युनिटमागे ८० पैसे ते १ रुपया सवलत. यामागचं कारण सरळ आहे. दुपारी सौरऊर्जा भरपूर असते, तेव्हा वीज स्वस्त पडते. केंद्राने २०२३ मध्ये ग्राहक हक्क नियमांत बदल करून सौर तासांत दर कमी ठेवण्याचं धोरण घेतलं, त्याचाच हा पुढचा भाग.

जगात अनेक ठिकाणी ई-कारवाल्यांना 'रात्री चार्ज करा, स्वस्त पडेल' असं सांगितलं जातं. इंटरनेटवर इंग्रजी व्हिडिओंत हाच सल्ला सापडेल. आपल्याकडे आता घड्याळ उलटं फिरलंय. स्वस्त वीज दुपारी आहे आणि तेव्हा पहिल्या किंवा जनरल शिफ्टवाल्याची गाडी चाकणच्या पार्किंगमध्ये उन्हात तापत उभी आहे. घरी येते तेव्हा सवलत संपलेली असते.

याचा फायदा कुणाला? थर्ड शिफ्टवाल्याला. तो सकाळी घरी येतो, गाडी लावतो आणि झोपतो. त्याची रोजची १५ युनिट पूर्ण सवलतीत बसतात. ३७० युनिटवर महिन्याला साधारण ३०० ते ३७० रुपये सुटतात. नारायणगावात दुकान असलेला, दुपारी जेवायला घरी येणारा माणूस किंवा घरून काम करणारी मुलगी यांनाही थोडा फायदा मिळेल. बाकीच्यांना फक्त सुट्टीचा दिवस. तेव्हा जमेल तेवढं चार्जिंग सुट्टीच्या दुपारी ढकला.

खरं उत्तर मात्र कंपनीच्या पार्किंगमध्ये आहे. औद्योगिक ग्राहकांनाही सौर तासांत सवलत आहे आणि औद्योगिक दरात घरगुतीसारखे चढते टप्पे नाहीत. गाडी आठ-नऊ तास तिथेच उभी असते. कंपनीने साधे १६ अँपिअरचे पॉइंट दिले आणि युनिटप्रमाणे पैसे कापले, तरी कामगाराचं बिल कमी होईल आणि गावच्या डीपीवरचा ताणही. युनियन आणि कामगार समित्यांनी बस आणि कँटीनसोबत ही मागणीही यादीत घालायला हरकत नाही. महाराष्ट्राच्या २०२५ च्या ई-वाहन धोरणात समृद्धी महामार्ग, मुंबई-पुणे एक्सप्रेसवे आणि अटल सेतूवर इलेक्ट्रिक कारना टोलमाफी आहे. पण येडगावहून चाकणला जाणारा माणूस यातल्या एकाही रस्त्यावर रोज जात नाही. त्याच्या रोजच्या खर्चाला खरा हात लावायचा, तर तो कंपनीतल्या चार्जिंग पॉइंटनेच लागेल.

मळ्यातलं घर आणि शेतीची लाइन

येडगावसारख्या गावात सगळी घरं गावठाणात नसतात. निम्मं गाव मळ्यात, वस्तीवर. गावठाणातल्या घराला गावठाण फीडरची वीज असते, ती बऱ्यापैकी सलग मिळते. मळ्यातल्या घराची लाइन अनेकदा शेतीच्या फीडरवरून येते. शेतीला थ्री-फेज वीज काही तासच, दिवसा किंवा रात्रीच्या पाळीने मिळते. बाकी वेळ सिंगल फेजवर घरातले दिवे आणि पंखे चालतील एवढीच व्यवस्था असते. त्या लाइनवर सलग पाच तास ३.३ किलोवॅट ओढलं, तर व्होल्टेज पडतं. गाडीचा चार्जर व्होल्टेज ठरावीक मर्यादेखाली गेलं की स्वतःहून थांबतो. सकाळी उठून पाहावं तर गाडी तेवढ्याच टक्क्यांवर.

म्हणून मळ्यात राहत असाल, तर गाडी बुक करण्याआधी आठवडाभर एक काम करा. शे-दोनशे रुपयांचा प्लगमध्ये लावायचा व्होल्टेज मीटर आणा आणि रात्री ९, ११, २ आणि पहाटे ५ ला आकडा लिहून ठेवा. शेतीची थ्री-फेज चालू असतानाचे आणि बंद असतानाचे आकडे वेगळे लिहा. २०० च्या खाली वारंवार जात असेल, तर आधी वायरमनशी बोला, गाडीचं नंतर बघू.

आता त्या प्रश्नाबद्दल, जो सगळ्यांच्या मनात असतो आणि कुणी मोठ्याने विचारत नाही. 'शेतीची वीज तर फुकट आहे, मोटरच्या पेटीतून गाडी लावली तर?' मुख्यमंत्री बळीराजा मोफत वीज योजनेत एप्रिल २०२४ पासून साडेसात एचपीपर्यंतच्या शेतीपंपांना मोफत वीज आहे. पण ती पंपासाठी आहे. शेतीच्या जोडणीवर गाडी चार्ज करणं हा विद्युत कायदा २००३ च्या कलम १२६ प्रमाणे अनधिकृत वापर ठरतो आणि त्याची आकारणी लागू दराच्या दुपटीने होते. जोडणी आजोबांच्या किंवा वडिलांच्या नावावर असते, तेव्हा नोटीसही त्यांच्याच नावाने येते. पोराच्या गाडीसाठी म्हाताऱ्या माणसाला वीज कार्यालयाच्या पायऱ्या चढायला लावू नका. शिवाय मोटरच्या पेटीजवळ धड अर्थिंग नसतं, ते वेगळंच.

या भागात शेतकरी दिवसा वीज मागतात, कारण रात्री उसात पाणी द्यायला जाणं म्हणजे बिबट्याच्या वाटेवर जाणं. शेतीचे फीडर सौरऊर्जेवर नेण्याची मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना त्याच मागणीशी जोडलेली आहे. दिवसा पंप आणि रात्री गाड्या अशी विभागणी झाली, तर गावच्या लाइनवर दोघांनाही जागा मिळेल. पण त्यासाठी रात्रीचा भार कागदावर दिसला पाहिजे. मंजूर भार १ किलोवॅट आणि प्रत्यक्षात ४ किलोवॅट ओढायचं, असं दहा घरांनी केलं की डीपी जळते आणि अख्खी आळी अंधारात बसते.

कायदेशीर मार्ग कोणते?

घरच्या मीटरवर स्वतःची गाडी चार्ज करायला वेगळा परवाना लागत नाही. केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाच्या मार्गदर्शक सूचनांत हे स्पष्ट लिहिलंय की मालक आपल्या घरी किंवा कार्यालयात असलेल्या जोडणीवरून गाडी चार्ज करू शकतो. दर मात्र त्या जागेच्या वर्गाचाच लागतो, म्हणजे घरी घरगुती. टप्प्यांचा फटका इथूनच बसतो.

दुसरा मार्ग कमी लोकांना माहीत आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये केंद्राने ग्राहक हक्क नियमांत बदल केला. त्यात ई-वाहन चार्जिंगसाठी स्वतंत्र जोडणी मागण्याचा हक्क आहे. त्याच बदलात ग्रामीण भागात नवीन जोडणीची मुदत ३० वरून १५ दिवसांवर आणली. महावितरणच्या दरपत्रकात ई-वाहन चार्जिंगचा वेगळा वर्ग आहे. त्यात घरगुतीसारखे चढते टप्पे नसतात, पण मागणीनुसार वेगळा आकार लागतो. महिन्याला दीडशे युनिट लागणाऱ्या मंचरवाल्याला हे परवडेलच असं नाही. पावणेचारशे युनिट लागणाऱ्या चाकणवाल्याने मात्र हा हिशोब जरूर करावा. अर्ज करताना दोन गोष्टी लेखी विचारा: जोडणी कोणत्या वर्गात मिळणार आणि महिन्याचा किमान खर्च किती.

तिसरा मार्ग छपरावरचा. पीएम सूर्यघर योजनेत पहिल्या दोन किलोवॅटला प्रत्येकी ३०,००० आणि तिसऱ्याला १८,००० असं कमाल ७८,००० रुपये अनुदान आहे. एक किलोवॅट दिवसाला सरासरी चार युनिट देतो, म्हणजे तीन किलोवॅट महिन्याला सुमारे ३६०. चाकणच्या गाडीचा वापर जवळपास तेवढाच! पावसाळ्यात हा आकडा बराच खाली येतो, उन्हाळ्यात वर जातो. इथेही घड्याळ मध्ये येतंच. पॅनल दुपारी वीज बनवतात, गाडी रात्री भरते. त्यामुळे दिवसा ग्रिडला दिलेली युनिट रात्रीच्या वापरातून कशी वजा होणार, हे नेट मीटरिंगचा करार करतानाच विचारा. आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा: बॅटरी नसलेलं साधं सोलर लाइन गेली की सुरक्षेसाठी आपोआप बंद पडतं. वीज गेल्यावर सोलरवर गाडी चार्ज करू, हे मग जमत नाही.

वायरमनला काय सांगायचं?

हा भाग स्क्रीनशॉट काढून ठेवा.

१. मीटरजवळच्या मेन बोर्डापासून गाडीच्या पॉइंटपर्यंत स्वतंत्र लाइन. मध्ये फ्रिज, गिझर, काही नको.

२. १६ अँपिअरच्या पॉइंटला ४ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर. अंगण लांब असेल तर ६ ची घ्या. जुन्या घरातली पातळ किंवा ॲल्युमिनियमची वायर चालणार नाही.

३. त्या लाइनला वेगळा एमसीबी आणि ३० मिलिअँपिअरचं गळती संरक्षण. गाडी ओल्या अंगणात उभी असते, हात ओले असतात. जीव वाचवणारी वस्तू हीच.

४. अर्थिंग नवीन आणि खरं. नळाच्या पाइपला किंवा खिळ्याला बांधलेली वायर म्हणजे अर्थिंग नव्हे. बहुतेक कारचे चार्जर आधी अर्थिंग तपासतात आणि नसेल तर लाल दिवा दाखवून सुरूच होत नाहीत. तो दिवा 'जुगाड' करून चुकवू नका. उन्हाळ्यात अर्थिंगच्या खड्ड्यात अधूनमधून पाणी घाला.

५. एक्स्टेन्शन बोर्ड अजिबात नको. पाच तास सलग पंधरा अँपिअरला तो वितळतो.

६. सॉकेट पावसापासून झाकलेलं आणि जमिनीपासून वर. जुन्नरचा पाऊस आडवा येतो, हे लक्षात ठेवून जागा निवडा.

७. महावितरणकडे मंजूर भार वाढवण्याचा अर्ज. मीटर आजोबांच्या नावावर असेल तर आधी नाव बदलून घ्या, पुढे सोलर किंवा स्वतंत्र जोडणी घेताना तेच कागद लागतात.

पहिल्या रात्री गाडी लावल्यावर तासाभराने प्लगला हात लावून बघा. कोमट असेल तर ठीक, चटका बसत असेल तर लगेच बंद.

फोनवरून काय करता येईल?

महावितरणच्या ॲपवर महिन्याचा वापर दिसतो. टीओडी मीटर असेल तर रोजचा आणि वेळेनुसार वापरही पाहता येतो. बऱ्याच ई-कारमध्ये किंवा त्यांच्या ॲपमध्ये चार्जिंगची वेळ लावता येते. संध्याकाळी ७ ते १० गावात सगळ्यांचे दिवे, टीव्ही, गिरण्या चालू असतात, व्होल्टेज पडलेलं असतं. तेव्हा गाडी लावून ठेवा, पण चार्जिंग रात्री ११ ला सुरू होईल अशी वेळ लावा. बिलात फरक पडणार नाही, पण डीपीला आणि शेजाऱ्याच्या फॅनला पडेल.

आणि शेवटी, शोरूममध्ये जाण्याआधी मागच्या बारा महिन्यांची बिलं काढा. प्रत्येक महिन्याच्या युनिटमध्ये गाडीची युनिट मिळवा आणि टप्प्याप्रमाणे दर लावा. एका कागदावर दहा मिनिटांचं काम आहे. उत्तर एक रुपया येणार नाही. बहुतेक घरांत ते दोन ते अडीच रुपयांच्या मध्ये येईल. तरीही परवडत असेल तर गाडी घ्या, कारण मग तुम्ही जाहिरातीच्या नाही, स्वतःच्या हिशोबावर ती घेतलेली असेल.